चांदीच्या चित्रलगडी

चांदी ही वस्तु महाराष्ट्रीय गृहस्थाला अपरिचित नाहीं. देवघरांतील निरांजन, बाळाच्या उष्टावणाची वाटी, मुलीच्या पायांतील पैंजण, लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं ताम्हनांत मांडावयाचें नाणें, अशा अनेक रूपांनीं ती घरांत वावरत असते. परंतु यांपैकीं एखादी वस्तु जुनी झाली, वांकली, किंवा घरांत कांहीं नड उत्पन्न झाली, म्हणजे ती सराफाच्या तराजूंत जाते. आणि तेथें तिची घडण, तिच्यावरील वेलबुट्टी, तिच्याशीं निगडित असलेल्या आठवणी, यांपैकीं कशाचीहि किंमत होत नाहीं. घडणावळ बुडते, डाकाची तूट वजा होते, आणि उरलेल्या वजनाला त्या दिवसाच्या भावानें गुणून पैसे हातावर ठेवले जातात. या व्यवहाराला मराठींत 'मोड' असा नेमका शब्द आहे. धातु तेवढा खरा आणि घडण तेवढी फुकट, हा या शब्दामागील हिशेब होय.

हा हिशेब नेहमींच बरोबर असतो काय, हें पाहण्यास अमेरिकेतील एका छंदाचा इतिहास फार उपयोगी पडतो. हा छंद चांदीच्या चित्रलगडी जमविण्याचा आहे. इंग्रजींत या लगडींना 'आर्ट बार' म्हणतात.

प्रथम ही वस्तु कशी असते तें पाहिलें पाहिजे. चित्रलगड ही आकारानें काड्यांच्या पेटीएवढी लांबरुंद, परंतु जाडीला सुमारें दोनच मिलिमीटर अशी चौकोनी पट्टी असते. तिचें वजन बहुधा एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम असतें. आपल्याकडील जुन्या मापांत हा हिशेब मोठा गमतीचा येतो. तोळा १८० ग्रेनांचा व ट्रॉय औंस ४८० ग्रेनांचा; म्हणून एक औंस म्हणजे बरोबर दोन तोळे आठ मासे. कस हजारांत ९९९ भाग, म्हणजे बाजारच्या भाषेंत शंभर नंबरी. एका अंगास उठावाचें चित्र असतें व दुसऱ्या अंगास टांकसाळीचें नांव, वजन, कस आणि कधीं कधीं अनुक्रमांक कोरलेला असतो. सर्वच लगडी या मापाच्या असतात असें मात्र नाहीं. पेनसिल्व्हेनियांतील प्रसिद्ध फ्रँकलिन मिंटच्या पुष्कळ लगडी हजारांत ९२५ कसाच्या आहेत, हें घेणारानें ध्यानांत ठेवावें.

मुशींतील रस सांच्यांत ओतून केलेली ओतीव लगड निराळी आणि ही निराळी. चित्रलगड नाण्याप्रमाणें पाडलेली असते. चित्रकाराच्या रेखाटनावरून पोलादाचा ठसा कोरतात, तो तावून कठीण करतात, घासून आरशासारखा करतात, आणि दोन ठशांच्या मध्यें चांदीची कोरी पट्टी ठेवून तिच्यावर यंत्राचा प्रचंड दाब देतात. त्यामुळें पार्श्वभूमि लखलखीत व चित्र किंचित् धुरकट असा सुंदर विरोध साधतो. ठसा मोडून टाकला, म्हणजे ती विशिष्ट लगड पुन्हां निघणें नाहीं.

या लगडींचा जन्म समजण्यासाठीं अमेरिकेच्या चलनाकडे थोडें वळलें पाहिजे. १९६४ सालापर्यंत त्या देशांतील दहा सेंटांचीं, पाव डॉलरचीं व अर्ध्या डॉलरचीं नाणीं हजारांत ९०० भाग चांदीचीं असत. चांदीचा भाव चढूं लागतांच १९६५ च्या कायद्यानें पहिल्या दोन नाण्यांतून चांदी पार नाहींशी झाली आणि अर्ध्या डॉलरांत ती शेंकडा ४० एवढीच उरली. पुढें १९७१ पासून चलनांतील अर्ध्या डॉलरांतूनहि ती गेली. चांदीच्या हमीवर काढलेल्या नोटा सरकारी खजिन्यांत देऊन त्यांबद्दल चांदी घेण्याची सोय २४ जून १९६८ रोजीं बंद झाली. सोन्याचा मार्ग तर त्याहून फार आधीं, १९३३ पासूनच, बंद झालेला होता. ३१ डिसेंबर १९७४ उजाडेपर्यंत सामान्य अमेरिकन नागरिकाला सोन्याची लगड बाळगण्यास कायद्यानें मनाई होती.

अशा स्थितींत महागाई वाढूं लागली. खिशांतील नाण्यांतून चांदी गेलेली, सोनें बाळगावयाचें नाहीं, आणि कागदी पैशावरील विश्वास डळमळीत झालेला! तेव्हां घरांत थोडा तरी खरा धातु असावा, ही भावना लोकांत बळावली यांत नवल नाहीं. नाणें पाडण्याचा अधिकार सरकारचा होता. परंतु जिच्यावर चलनाचें मूल्य नाहीं अशी लगड पाडण्यास खाजगी टांकसाळींना आडकाठी नव्हती. मॅडिसन मिंट, हॅमिल्टन मिंट, ग्रेट लेक्स मिंट, यू. एस. सिल्व्हर कॉर्पोरेशन अशा कित्येक संस्था या धंद्यांत उतरल्या, आणि १९७२ ते १९७४ या काळांत चित्रलगडींचा अक्षरशः पूर आला.

या लगडींवरील विषय पाहिले म्हणजे त्या वेळच्या अमेरिकन मध्यम वर्गाचें अंतरंगच उघडें होतें. नाताळ, मातृदिन, पितृदिन, विवाह आणि अपत्यजन्म हे कौटुंबिक प्रसंग तर आहेतच. पण जुन्या मोटारी, आगगाड्या, राष्ट्राध्यक्षांचीं मुखें, बारा राशी, १९७६ सालीं आलेला स्वातंत्र्याचा द्विशतसांवत्सरिक उत्सव, इतकेंच काय पण राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना भोंवलेलें वॉटरगेट प्रकरणहि चांदीवर उमटलें. मोठा कलावंत जे विषय हातीं धरणार नाहीं, ते येथें आहेत. म्हणूनच कलेच्या दृष्टीनें सामान्य असलेली लगडहि लोकजीवनाचा पुरावा या दृष्टीनें मोलाची ठरते.

परंतु पुराचें पाणी फार दिवस टिकत नाहीं. प्रत्येक टांकसाळ आपली लगड 'मर्यादित' असल्याचें सांगे. पण अशा मर्यादित लगडींची संख्याच अमर्याद झाली, तेव्हां घेणारे थकले. चित्राबद्दल धातूच्या भावाहून अधिक दिलेले पैसे परत येईनात. हौसेनें घेतलेली लगड विकावयास नेली, तर दुकानदार ती केवळ वजनानें घेऊं लागला. येथवर सराफाचा 'मोडी'चा हिशेबच खरा ठरला, असें म्हणावें लागतें.

खरी परीक्षा पुढेंच होती. टेक्सासमधील तेलसम्राटाचे पुत्र नेल्सन बंकर हंट व विल्यम हर्बर्ट हंट यांनीं चांदीची प्रचंड खरेदी चालविली होती. १९७९ च्या आरंभीं औंसास सुमारें सहा डॉलर असलेला चांदीचा भाव जानेवारी १९८० मध्यें पन्नास डॉलरांच्या घरांत पोंचला. वर्षांत आठपट! सारा देश कपाटें धुंडाळूं लागला. आजीचे चमचे, लग्नांत आलेले चहाचे सेट, बक्षिसाचीं पदकें, जुनीं नाणीं आणि त्यांबरोबरच चित्रलगडी, हें सारें दुकानांपुढील रांगांत उभें राहिलें. शुद्धीकरणाचे कारखाने या ओघास पुरे पडेनात. त्याच महिन्यांत न्यूयॉर्कच्या वायदेबाजारानें खरेदीवर कडक निर्बंध घातले, आणि २७ मार्च १९८० रोजीं, गुरुवारीं, भाव अकरा डॉलरांच्याहि खालीं कोसळला. परंतु तोंवर जें मुशींत गेलें होतें तें परत येणें शक्य नव्हतें.

या आटणींत किती चित्रलगडी गेल्या, याची नोंद कोठेंहि झाली नाहीं. आणि नेमका येथेंच आजच्या संग्राहकाच्या शास्त्राचा प्रारंभ होतो. एका टांकसाळीनें अमुक चित्राच्या पांच हजार लगडी पाडल्या असें समजा. ही संख्या फार तर वरची मर्यादा झाली. त्यांतील चार हजार आटल्या असतील, चारशेंच आटल्या असतील. लगडीवर कोरलेला अनुक्रमांक ४,९९९ असला, म्हणून तितक्या लगडी आज जगांत आहेत असें मुळींच नव्हे. उलट, हजारांनीं पाडलेली एखादी लगड आज शेंकड्यांनीं पाडलेल्या लगडीपेक्षां दुर्मिळ असूं शकते. कारण ती ज्यांच्या घरीं होती त्यांना तिचें चित्र आवडलें नाहीं. पाडणाराच्या वहीपेक्षां राखणाराच्या आवडीनिवडीनें येथें दुर्मिळता ठरलेली आहे.

मग दुर्मिळ कोणती हें ओळखावें कसें? या कामीं आर्ची किड यांनीं सिद्ध केलेली 'इंडेक्स्ड गाइड बुक ऑफ सिल्व्हर आर्ट बार्स' ही सूची संग्राहकांचा मुख्य आधार आहे. तिच्यांत प्रत्येक टांकसाळीस अक्षरांची खूण व प्रत्येक लगडीस क्रमांक दिलेला आहे. त्यामुळें दूरदूरच्या दोन गांवचे संग्राहक केवळ खूण व क्रमांक सांगून एकमेकांस नेमकी लगड कळवूं शकतात. ग्रंथालयांत पुस्तकाला क्रमांक नसेल तर तें असून नसल्यासारखें. लगडीचेंहि तसेंच आहे. जिला नांव मिळालें, ती मुशींतून वांचण्याची आशा असते.

या लगडी मिळण्याचीं ठिकाणें दोन. पहिलें गांवांतील जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याचें दुकान. एखादा वृद्ध गृहस्थ निवर्ततो, मुलें घर आवरतात, आणि कपाटांतील चांदी एका पेटींत घालून या दुकानीं आणतात. व्यापारी ती धातूच्या भावाहून थोडी कमी किंमत देऊन घेतो. त्याला ओतीव लगडी, नाणीं व चित्रलगडी निवडीत बसण्यास सवड नसते. म्हणून साऱ्या एका तबकांत पडतात व वजनावर विकल्या जातात. ज्या खपत नाहींत त्या कारखान्याकडे जातात. त्या तबकाशीं बसून, एकेक लगड कडेनें उचलून, शांतपणें पाहणें हा या छंदांतील सर्वांत मोठा आनंद आहे. नेहमीं येणारा, न घासाघीस करतां रोख देणारा व वस्तु जपून हाताळणारा संग्राहक व्यापाऱ्याच्या लक्षांत राहतो. आणि कांहीं दिवसांनीं कारखान्याकडे पाठविण्यापूर्वीं तो त्याच्यासाठीं पेटी बाजूस ठेवूं लागतो.

दुसरें ठिकाण नाण्यांचीं प्रदर्शनें. १८९१ सालीं स्थापन झालेल्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशनचें वार्षिक प्रदर्शन फार मोठें असतें. परंतु लहान गांवांतील नाणेमंडळें एखाद्या हॉटेलच्या दालनांत भरवितात तीं प्रदर्शनें चित्रलगडींस अधिक अनुकूल. तेथें मेजामागें मेज मांडलेलें असतें, आणि मौल्यवान् नाणीं कांचेखालीं असलीं तरी लगडी बहुधा खालच्या खोक्यांत असतात. पहिल्या दिवशीं निवड भरपूर मिळते. शेवटच्या दिवशीं दुपारीं, माल परत बांधून नेण्याचा कंटाळा आलेला व्यापारी किंमतींत सवलत देतो. दोन्ही वेळांचा लाभ निराळा आहे.

येथें एका नाजुक प्रश्नाचा विचार केला पाहिजे. व्यापाऱ्याच्या तबकांतून दुर्मिळ लगड वजनाच्या भावानें उचलली, तर त्यांत अन्याय नाहीं. कारण व्यापार हा त्याचा धंदा आहे, आणि सूची पाहण्याची संधि त्यालाहि आहे. परंतु तीच लगड एखाद्या विधवेनें नवऱ्याच्या पश्चात् दाखवावयास आणली, आणि जाणत्या माणसानें तिला 'ही काय, वजनानेंच जाते' असें सांगून घेतली, तर तो व्यवहार तराजूंत बरोबर उतरला तरी न्यायांत उतरत नाहीं. स्वतःच्या ज्ञानाचा लाभ घेणें आणि दुसऱ्याच्या अज्ञानाचा लाभ घेणें यांत अंतर आहे. हा छंद लहान वर्तुळांत चालतो. तेथें एकदां गेलेली पत कोणत्याहि भावानें परत विकत मिळत नाहीं.

आतां खऱ्याखोट्याची पारख. चांदीचा मुलामा दिलेल्या खोट्या लगडी बाजारांत आहेत, म्हणून केवळ डोळ्यांवर विसंबूं नये. चांदीची घनता १०.४९ व तांब्याची ८.९६ आहे. खऱ्या लगडीच्या हुबेहूब आकाराची तांब्याची पट्टी घेतली, तर तिचें वजन ३१.१ ऐवजीं सुमारें २६.६ ग्रॅमच भरेल. वजन पुरें करावयाचें तर ती सुमारें एक-षष्ठांशानें जाड करावी लागेल, आणि ती जाडी मोजपट्टींत उघडी पडेल. शिसें चांदीहून जड. तेथें ही युक्ति उलट दिशेनें लागू पडते, शिवाय तें मऊ असून त्याचा आवाज बद्द येतो. चांदीला लोहचुंबक ओढीत नाहीं. मात्र जोरदार चुंबक तिरप्या धरलेल्या लगडीवरून सोडला, तर तो सरकन् न घसरतां अडखळत उतरतो. तांब्यावरहि असेंच होतें, म्हणून ही एकच कसोटी पुरेशी मानूं नये. निर्णायक कसोटी आर्किमिडीजची. लगड हवेंत तोलावी, मग दोऱ्यानें पाण्यांत पूर्ण बुडती टांगून तिनें सारलेल्या पाण्याचें वजन काढावें. तें सुमारें २.९७ ग्रॅम भरलें पाहिजे. ३१.१ ला त्यानें भागलें कीं १०.४९ च्या जवळचा आंकडा येतो. पाणी ऊर्ध्वपातित असावें, आणि नंतर लगड पुसूं नये. मऊ कापडावर टिपून घ्यावी.

पुसूं नये, हें सांगणें आपल्याकडील घरांत विशेष अगत्याचें आहे. सणाच्या आदल्या दिवशीं देवघरांतील चांदी रांगोळीनें घासून लखलखीत करण्याची रीत घरोघर आहे. आणि भांड्यांना ती ठीकच आहे. परंतु चित्रलगडीचा आरसा एका घासणींत कायमचा ओरखडला जातो. चांदी काळवंडते ती हवेंतील गंधकाच्या संयुगांमुळें. तिच्यावर बसणारा पातळ थर हळूहळू सोनेरी, निळसर, जांभळा असे रंग दाखवितो, आणि कित्येक संग्राहकांस हे रंग प्रियच असतात. तेव्हां डाग घालविण्यापेक्षां तो न पडूं देणें बरें. लगड नेहमीं कडेनें धरावी. रबराची फीत, लोकरीचें कापड व वर्तमानपत्राचा कागद तिच्याजवळ ठेवूं नये. कारण या तिन्हींत गंधक असतें. मऊ पी. व्ही. सी. प्लॅस्टिकच्या पिशवींतून कालांतरानें आम्लधर्मी द्रव्य सुटतें व लगडीवर हिरवट चिकट थर धरतो. कठीण, निर्लेप प्लॅस्टिकची डबी, कोरडी जागा आणि जवळ एक टिपण, एवढी व्यवस्था पुरे होते.

हें टिपण लगडीइतकेंच महत्त्वाचें होय. कोणती लगड, सूचींतील कोणता क्रमांक, कोठून व कितीस घेतली, हें संग्राहकानें लिहून ठेवलें नाहीं, तर त्याच्या मागें ती पेटी पुन्हां त्याच तराजूंत जाणार. मुलांना छंद असेलच असें नाहीं. पण चार ओळींचें टिपण असेल, तर विकतांना तरी तीं अंधारांत राहत नाहींत.

किंमतीविषयीं मात्र कोणीहि भ्रमांत राहूं नये. बहुसंख्य चित्रलगडी आजहि धातूच्या भावाहून थोड्याशाच अधिक किंमतीस जातात. दुर्मिळ वस्तूलाहि ती हवी असणारा दुसरा माणूस भेटेल तेव्हांच किंमत येते, आणि तो भेटण्यास कधीं वर्ष लागतें. म्हणून संसाराची शिल्लक म्हणून या छंदाकडे पाहणें धोक्याचें आहे. चित्रासाठीं जितके अधिक पैसे द्यावयाचे, तितके हौसेच्या खात्यांत मांडावे. बचतीच्या खात्यांत केवळ धातु मांडावा. हा जमाखर्च ज्यानें स्वच्छ ठेवला, त्याला बाजार चढला तरी मोह होत नाहीं आणि पडला तरी पश्चात्ताप होत नाहीं.

अमेरिकेतील या कथेचें प्रतिबिंब आपल्या घरांतहि पाहावयास मिळतें. अनेक जुन्या पेट्यांत आजोबा-पणजोबांच्या वेळचे एक तोळा वजनाचे, बारांत अकरा भाग चांदीचे रुपये असतात. त्यांत क्वचित् १९११ सालचा पंचम जॉर्जचा रुपया निघतो. त्यावरील राजाच्या झग्यावर कोरलेला लहानसा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, गवगवा झाला, सरकारनें ते रुपये मागें घेऊन पुष्कळसे आटविले, आणि १९१२ पासून हत्तीची आकृति सुधारली. सराफाच्या तराजूंत हा रुपया इतर रुपयांइतकाच भरतो. परंतु नाणेसंग्राहक त्याकडे निराळ्या दृष्टीनें पाहतो. अमेरिकेंत जें लगडींचें झालें तेंच येथें रुपयाचें झालें. दोन्हीकडे मुशीनेंच उरलेल्यांचें मोल वाढविलें.

याचा अर्थ कोणीं कांहींच मोडूं नये असा नाहीं. मुलाचें शिक्षण, घरांतील आजारपण, डोक्यावरचें कर्ज, यांपुढें चांदीचें चित्र मोठें नव्हे; आणि अडल्या वेळीं उपयोगीं पडावी म्हणूनच वडीलधाऱ्यांनीं ती चांदी घरांत ठेवलेली असते. सांगणें एवढेंच कीं, मोडींत देण्यापूर्वीं पेटीतील प्रत्येक वस्तु एकवार उजेडांत पाहावी, तिच्यावरील अक्षरें व साल वाचावें, आणि जाणत्या व निःस्पृह अशा दोन माणसांस विचारावें. त्यास फार तर एक दिवस लागतो. एका दिवसानें नड वाढत नाहीं. मुशींत गेलेली चांदी पुन्हां लगड होऊन बाजारांत येतेच. परंतु तिच्यावरील चित्र, एकदां वितळल्यावर, जगांतील कोणताहि कारखाना परत देऊं शकत नाहीं.